रेफरी विकला गेला म्हणे!

थोडं लांबलचक लिहितोय, सवडीने वाचा. पटलं नाही तर खुशाल भांडा, पण पूर्ण वाचून मग भांडा.

आपल्या गोव्यात एक वाक्य असं आहे की ते बोलायला पुरावा लागत नाही, शिक्षण लागत नाही, मॅच बघितलेली असावी लागते असंही नाही. ते वाक्य म्हणजे "रेफरी विकला गेला." आपली टीम हरली की रेफरी विकला गेला. आपल्या पोराला रेड कार्ड मिळालं की हमखास विकला गेला. तेच कार्ड समोरच्या पोराला मिळालं तर मात्र तोच रेफरी "कडक माणूस, कोणाला घाबरत नाही." हे वाक्य मी फोंड्याच्या मार्केटात ऐकलंय, म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात ऐकलंय, मडगावला कदंबा बसच्या रांगेत ऐकलंय, आणि देवळाच्या पायरीवर चपला घालता घालतासुद्धा ऐकलंय.

मी बँकेतला माणूस. बी.कॉम. होऊन कारकून म्हणून लागलो, ऑफिसर म्हणून निवृत्त झालो, मध्ये छत्तीस वर्षं गेली. फुटबॉल खेळलो तो भात कापल्यावर मोकळ्या झालेल्या शेतात, अनवाणी. बघितला मात्र पोटभर. इंदूर-बडोद्याकडच्या मंडळींना वाटतं मराठी वाचणारा माणूस म्हणजे क्रिकेटवाला. आमच्याकडे घरात कोकणी, लिहिणं-वाचणं मराठी आणि संध्याकाळी फुटबॉल, असा हिशेब होता. १९८२-८३ च्या मोसमात गोव्याने बंगालबरोबर संतोष ट्रॉफी वाटून घेतली आणि पुढच्या वर्षी एकट्याने जिंकली, तेव्हा ब्रह्मानंद शंखवाळकरांच्या गोलकीपिंगवर आमच्या शाखेत कामाच्या वेळात चर्चा व्हायच्या. गिऱ्हाइकं तक्रार करत नसत, कारण तीही चर्चेत असत.

तर मुद्दा. माझं म्हणणं असं की हे "विकला गेला" प्रकरण आपल्या फुटबॉलला लागलेली वाळवी आहे, आणि ती दोन ठिकाणी आहे. एक आपल्या जिभेवर, दुसरी असोसिएशनच्या आणि स्पर्धा भरवणाऱ्यांच्या कपाटात. दोन्हीकडे औषध मारल्याशिवाय भागणार नाही.

आधी हे कार्ड आलं कुठून ते बघा. १९६६ चा वर्ल्ड कप, वेम्बली, क्वार्टर फायनल, इंग्लंड विरुद्ध अर्जेंटिना. जर्मन रेफरी रुडॉल्फ क्राइटलाइन यांनी अर्जेंटिनाचा कॅप्टन रॅटिन याला मैदानाबाहेर काढलं. रॅटिनला जर्मन येत नव्हती, क्राइटलाइनना स्पॅनिश येत नव्हती. रॅटिन जाईना, दुभाषा मागायला लागला, आणि मॅच कित्येक मिनिटं खोळंबली. तेव्हा रेफरींच्या कमिटीत असलेले केन ॲस्टन हे इंग्लिश गृहस्थ गाडी चालवत घरी जाताना सिग्नलचा पिवळा आणि लाल दिवा बघून म्हणाले, हे चालेल. १९७० च्या मेक्सिको वर्ल्ड कपपासून कार्डं खिशात आली. म्हणजे कार्डाचा जन्मच मुळी सगळ्यांना कळावं म्हणून झाला. भाषा येवो न येवो, खेळाडूला कळावं, आणि शेवटच्या ओळीत उभ्या असलेल्या प्रेक्षकालाही कळावं.

पण कार्ड सांगतं ते एवढंच की काय झालं. का झालं, ते सांगत नाही. त्या "का"च्या रिकाम्या जागेत आपण आपल्या मनातला हिशेब भरतो, आणि आपल्या मनातला हिशेब नेहमी एकाच बाजूला झुकलेला असतो.

आता दोन रेफरींची गोष्ट सांगतो.

पहिले ग्रॅहम पोल, इंग्लंडचे. २००६ च्या वर्ल्ड कपमध्ये श्टुटगार्टला क्रोएशिया-ऑस्ट्रेलिया मॅच. पोलनी क्रोएशियाच्या शिमुनिच नावाच्या डिफेंडरला एकाच मॅचमध्ये तीन पिवळी कार्डं दाखवली. दुसऱ्या पिवळ्यानंतर तो बाहेर जायला हवा होता, तो खेळतच राहिला. कसं झालं? शिमुनिचचा नंबर ३. ऑस्ट्रेलियाच्या टीममध्येही एक ३ नंबर होताच. पोलनी वहीत दुसरं कार्ड ऑस्ट्रेलियाच्या ३ नंबरपुढे लिहिलं. बँकवाल्यांना हसू येईल. सरळसरळ चुकीच्या खात्यात पोस्टिंग! नंबर बरोबर, लेजर चुकीचं. असल्या नोंदी शोधत आमच्या शाखांत रात्रीचे नऊ वाजलेले मी बघितले आहेत.

दुसरा रॉबर्ट हॉयझर, जर्मनीचा. ऑगस्ट २००४ मध्ये जर्मन कपची मॅच, पाडरबोर्न हा छोटा क्लब विरुद्ध हॅम्बुर्ग हा मोठा. हॉयझरने पाडरबोर्नला दोन पेनल्टी दिल्या, आणि तक्रार करणाऱ्या हॅम्बुर्गच्या एम्पेंझाला रेड कार्ड दाखवून बाहेर काढलं. पाडरबोर्न ४-२ ने जिंकला. हा रेफरी खरोखर विकला गेला होता. सट्टेवाल्यांकडून पैसे घेतले होते. २००५ मध्ये कोर्टाने त्याला दोन वर्षं पाच महिन्यांची शिक्षा दिली.

आता मला सांगा, स्टँडमध्ये बसलेल्या माणसाला या दोघांतला फरक दिसला असता का? एक प्रामाणिक, त्याची चूक जगभर गाजली. दुसरा चोर, त्याची पेनल्टी रोज कुठेतरी दिली जाते तशीच दिसली. बाहेरून दोन्ही सारखंच. फरक कळला तो कागदावरून. आणि हॉयझरला पकडून कोणी दिलं माहीत आहे? स्टँडमधून ओरडणाऱ्यांनी नाही. त्याच्याच बरोबरच्या चार रेफरींना संशय आला, ते जाऊन फेडरेशनला भेटले, आणि चौकशी सुरू झाली. चोर पकडला रेफरींनीच.

म्हणून "काय हो, रेफरी कधीच विकले जात नाहीत का?" असं मला विचारू नका. जातात. बँकेतही पैसे खाणारे असतात. पण आमच्या एका शाखेत संध्याकाळी कॅश पाच हजारांनी कमी आली, तेव्हा तासाभरात अर्ध्या स्टाफने कॅशियरला चोर ठरवलं होतं. त्याचं घराचं बांधकाम चालू होतं, झाला पुरावा! मॅनेजर जुना माणूस. त्याने कोणालाही काही न बोलता दिवसभराची सगळी व्हाउचरं टेबलावर मांडली. एक जमेचं व्हाउचर दोनदा लिहिलं गेलं होतं. कॅशियरने लिहिलेलंही नव्हतं. दुसऱ्या दिवशी कॅशियर कामावर आला, पण त्या अर्ध्या स्टाफशी तो पुन्हा कधी मोकळेपणाने बोलला नाही. आरोप मागे घेता येतो हो, तो केला होता हे मागे घेता येत नाही.

आता आपल्या देशात या. ९ डिसेंबर २०१२, कोलकात्याचं सॉल्ट लेक स्टेडियम, मोहन बागान विरुद्ध ईस्ट बंगाल. बागानच्या ओडाफाला रेड कार्ड मिळालं, प्रेक्षक भडकले, दगड आले, आणि त्यातला एक लागला कोणाला? बागानच्याच रहीम नबीला! हाफ टाइमनंतर बागानची टीम मैदानात उतरली नाही. आधी दोन वर्षांची बंदी झाली, मग ती उठवून २ कोटींचा दंड आणि मिळवलेले सगळे गुण शून्य. त्याच शहरात १६ ऑगस्ट १९८० ला ईडन गार्डन्सवर याच दोन क्लबांच्या मॅचमध्ये दोन खेळाडूंची झटापट झाली, ती स्टँडमध्ये पसरली आणि १६ माणसं चेंगरून मेली. मॅच बघायला गेलेली माणसं. कार्डाच्या आणि फाऊलच्या वादाला मी उगाच मोठं करतोय असं ज्यांना वाटतं, त्यांनी हा आकडा लक्षात ठेवावा.

आपलं स्वतःचंही आठवा. २० डिसेंबर २०१५, फातोर्डा, आयएसएलची फायनल. सत्त्याऐंशीव्या मिनिटाला आपण २-१ ने पुढे आणि मॅच संपली तेव्हा चेन्नईयिन ३-२. त्याआधी दुसऱ्या हाफमध्ये त्यांना दोन पेनल्टी मिळाल्या होत्या, त्याचा राग होताच. एफसी गोवाने बक्षीस समारंभावर बहिष्कार टाकला, जाहीर आरोप झाले. २०१६ मध्ये ११ कोटींचा दंड आणि पुढच्या मोसमाचे १५ गुण वजा अशी शिक्षा आली. पुढे अपिलात ती बरीच कमी झाली, तरी कळ लागायची ती लागलीच. त्या दोन पेनल्टींबद्दल आज फातोर्ड्यात दहा जणांना विचारा, अकरा उत्तरं मिळतील.

आणि एप्रिल २०१८, भुवनेश्वर, सुपर कप. एफसी गोवा विरुद्ध जमशेदपूर. आपण गोल केला त्याआधी बॉल लाइनीबाहेर गेला होता, असं म्हणत त्यांचे खेळाडू उसळले. हाफ टाइमला झटापट झाली आणि सहा रेड कार्डं, दोन्ही बाजूंना तीन-तीन. दुसरा हाफ आठ विरुद्ध आठ खेळला गेला. आपण ५-१ ने जिंकलो. त्या संध्याकाळी गोव्यात कोणी "रेफरी विकला गेला" म्हटल्याचं माझ्या कानावर आलं नाही. जिंकलेल्या मॅचचं ऑडिट कोणी मागत नाही, हीच तर गंमत आहे!

काहीजण म्हणतील, यावर उपाय व्हीएआर. कॅमेरे लावा, संपला प्रश्न. बरं, जिथे सगळ्यात जास्त कॅमेरे आणि सगळ्यात जास्त पैसा आहे तिथलं बघू. ३० सप्टेंबर २०२३, टॉटनहॅम विरुद्ध लिव्हरपूल. लिव्हरपूलच्या दियाझचा गोल मैदानावर ऑफसाइड ठरला. व्हीएआरच्या खोलीतल्या माणसांनी तपासलं, ऑफसाइड नव्हता. पण त्यांची समजूत अशी की मैदानावर गोल दिलेलाच आहे, म्हणून त्यांनी तपासणी पूर्ण झाल्याचं कळवून टाकलं. खेळ पुन्हा सुरू झाला आणि वेळ निघून गेली. त्याच मॅचमध्ये लिव्हरपूलला दोन रेड कार्डं. इतकी यंत्रं असून घोळ तो घोळच.

पण पुढे काय झालं ते महत्त्वाचं. तीन दिवसांनी त्या खोलीतलं बोलणं जसंच्या तसं जाहीर केलं गेलं. जगाने ऐकलं की गोंधळ कुठे झाला, कोणाच्या लक्षात कधी आलं, आणि मग माणसं कशी हवालदिल झाली. राग गेला नाही, जायची गरजही नव्हती. पण ते बोलणं ऐकल्यावर ही लबाडी होती म्हणणं अवघड झालं, हे समजुतीचे घोटाळे होते हे सगळ्यांना कळलं. आणि कर्टिस जोन्सच्या रेड कार्डावर लिव्हरपूलने अपील केलं ते फेटाळलं गेलं, म्हणजे एका मॅचमधल्या दोन तक्रारींना दोन वेगवेगळी उत्तरं मिळाली. जिथे चूक होती तिथे चूक म्हटलं, जिथे नव्हती तिथे नाही म्हटलं. मला हे हवं आहे. कॅमेरा नसला तरी चालेल, उत्तर पाहिजे.

बँकेत आम्ही कोणाचा कर्जाचा अर्ज नाकारला तर फाइलवर कारण लिहावं लागायचं. "योग्य वाटत नाही" असं लिहून चालत नसे. माझ्या सहीने पास झालेलं व्हाउचर दुसऱ्या दिवशी दुसरा कोणीतरी तपासायचा, आणि वर्षाकाठी इन्स्पेक्शनवाले येऊन पुन्हा तपासायचे. त्यात आमचा अपमान नव्हता. उलट कोणी बाहेर बोंब मारली की आम्ही फाइल उघडायचो. लिहिलेलं कारण हेच ऑफिसरचं चिलखत. मग रेफरीला हे चिलखत आपण का देत नाही? रेड कार्डाचा रिपोर्ट रेफरी लिहितोच. तो जातो कुठे? कपाटात.

आमच्या वाड्यावरच्या एका मुलाचं सांगतो, नाव सांगणार नाही. खेळायला साधारण, पण नियमांची भारी आवड. रेफरीची परीक्षा पास झाला, शनिवार-रविवारी शिट्टी घेऊन निघायचा. एका गावच्या स्पर्धेत सेमीफायनलला त्याने यजमान टीमच्या डिफेंडरला रेड कार्ड दाखवलं. समोरचा फॉरवर्ड बॉल घेऊन सरळ गोलकडे निघाला होता, पुढे फक्त गोलकीपर, आणि याने मागून शर्ट धरून ओढला. रेफरीने काय करायला हवं होतं, पेढा द्यायला हवा होता? लोक मैदानात घुसले. "आरे, तुजे दोळे खंय आसात?" इथपासून सुरुवात झाली आणि आईबहिणीपर्यंत गेली. लाउडस्पीकरवरून एका पदाधिकाऱ्याने विचारलं, "कितले घेतले?" स्कूटरच्या दोन्ही टायरांची हवा काढलेली होती. मुलगा ती ढकलत मुख्य रस्त्यापर्यंत आला.

त्याने रिपोर्ट लिहिला, कलमासकट, दोन पानं. माझ्याकडून अक्षर तपासून नेला. त्या रिपोर्टचं पुढे काय झालं ते त्याला कोणी कळवलं नाही, आणि गावातल्या एकाही माणसाने तो वाचला नाही. शिट्टी आता त्याच्या घरी शोकेसमध्ये आहे. आणि पुढच्या मोसमात त्याच क्लबची माणसं मला सांगत होती, "चांगले रेफरी मिळत नाहीत हो हल्ली." मिळणार कुठून? झाड तोडून सावलीची तक्रार!

२००२ च्या वर्ल्ड कपमध्ये लाइन्समन म्हणून एक भारतीय उतरला होता, तमिळनाडूचे के. शंकर. आपली टीम वर्ल्ड कपला कधी पोचेल देव जाणे, आपला रेफरी पोचला होता. ती वाट आपल्या गावच्या मैदानावरून जाते. आणि तिथेच आपण टायरची हवा काढून बसलो आहोत.

आता प्रेक्षक मंडळींना दोन शब्द, रागावू नका. नियम एकूण सतरा. त्यातला बारावा फाऊल आणि कार्डांचा. तो वाचायला अर्धा तास लागतो. तो न वाचता आपण चाळीस वर्षं भांडतो. "तो लास्ट मॅन नव्हता, रेड कसं?" लास्ट मॅन हा शब्द नियमात नाही. तिथे बघायचं असतं ते गोलपासूनचं अंतर, खेळाची दिशा, बॉल ताब्यात राहण्याची शक्यता, आणि बचावाचे खेळाडू किती व कुठे होते. "पण त्याने आधी बॉल घेतला!" घेतला असेल. तरीही दुसऱ्याचा पाय मोडेल अशा पद्धतीने घुसला तर रेडच. "पेनल्टी पण आणि रेड पण, हा अन्याय!" २०१६ मध्ये नियम बदलला. पेनल्टी एरियात खरोखर बॉल खेळायचा प्रयत्न करताना फाऊल झाला तर पेनल्टीबरोबर पिवळं. शर्ट ओढला, ढकललं, तर मात्र लालच. हे माहीत असलं की अर्धी भांडणं स्टँडमध्येच मिटतील. उरलेली अर्धी खरी असतील, आणि ती जरूर भांडावीत. चुकलेल्या रेफरीला चुकला म्हणायचा हक्क तिकीट काढणाऱ्याला आहेच. चोर म्हणायचा हक्क तिकिटात येत नाही.

आणि असोसिएशन, स्पर्धा भरवणारे क्लब, यांच्याकडे माझ्या मागण्या. फार खर्चाच्या नाहीत.

एक. प्रत्येक रेड कार्डाचं कारण तीन दिवसांत जाहीर करा. पाच ओळी पुरे. कितवं मिनिट, काय घडलं, कोणतं कलम. कोकणी, मराठी, इंग्रजी, जे वाचलं जाईल त्या भाषेत. ग्राउंडच्या नोटीस बोर्डावर लावा.

दोन. तपासून चूक निघाली तर "चूक झाली" असं त्याच बोर्डावर लिहा. रेफरीवर काय कारवाई केली तेही लिहा. चूक लपवली की ती लबाडी दिसते.

तीन. रेफरीचं मानधन मॅच सुरू होण्याआधी द्या. हरलेल्या यजमानाच्या दारात त्याला पाकिटासाठी उभं करू नका.

चार. रेफरीच्या अंगाला हात लागला तर त्या क्लबला त्या मोसमात बाहेर करा. क्लब कितीही मोठा असो, देणगीदार कोणीही असो.

पाच. माइक हातात घेऊन पैशाचा आरोप करणाऱ्याकडून लेखी तक्रार मागा, पुराव्यासकट. दिली तर चौकशी करा, अगदी कसून करा. दिली नाही तर त्याला जाहीर माफी मागायला लावा.

"असं केलं तर रेफरीचा दरारा जाईल" असं मला एका जाणत्या माणसाने ऐकवलं. अहो, कसला दरारा? जो माणूस पोलीस बंदोबस्तात मैदान सोडतो, त्याचा दरारा उरलाय कुठे? मान मिळते ती उत्तर देणाऱ्याला. उत्तर न देणाऱ्याबद्दल लोक स्वतःच उत्तर तयार करतात, आणि ते कसं असतं हे वर सांगितलंच.

या मोसमात आपापल्या गावच्या क्लबच्या मीटिंगमध्ये निदान पहिली मागणी तरी ठेवा. खर्च एक कागद आणि चार टाचण्या. ठराव नामंजूर झाला तर का झाला ते लेखी मागा, आणि इथे टाका. मीही आमच्या गावात ठेवणार आहे. काय होतं ते कळवीन.